वसतिगृहपट पाहताना कोणी केव्हा रडावे : भंडारा जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

ज्या चित्रपटात कोवळ्या वयाचे मूल घरापासून तोडून निवासी शाळेत ठेवले जाते, तेथे ते आधी कोमेजते आणि मध्यंतरानंतर एखाद्या शिक्षकाच्या हातून पुन्हा टवटवीत होते, त्यास वसतिगृहपट म्हणावे. या प्रकाराचा सर्वपरिचित नमुना म्हणजे २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झालेला, अमोल गुप्ते लिखित व आमिर खान दिग्दर्शित 'तारे जमीन पर' हा हिंदी चित्रपट होय. त्यातील निवासी शाळा पाचगणीच्या न्यू एरा शाळेत चित्रित झाली आहे. एकाच टीव्हीसमोर बसलेल्या माणसांपैकी कोणी केव्हा रडावे आणि त्या वेळी इतरांनी कोठे पाहावे, याचे नियम ठरलेले नसल्याने भंडारा जिल्ह्यात या चित्रपटावरून घरोघरी मतभेद होतात. ते मिटावेत, निदान जेवणाच्या वेळेपर्यंत पुढे ढकलले जावेत, एवढाच या सूचनांचा हेतू आहे.

पहिला वर्ग सराईत रडणाऱ्यांचा असून त्यास शिकवण्यासारखे फारसे काही नाही. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या मुलखात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. अशा नाटकांवर पोसलेला प्रेक्षक रडणे हा तिकिटात धरलेला हक्क मानतो आणि तो वसूल केल्याशिवाय उठत नाही. करुण प्रवेशामागून विनोदी पात्र यायचेच, हेही त्यास ठाऊक असते, त्यामुळे जवळजवळ निम्मा चित्रपट सरल्यावर त्यातले शिक्षक निकुंभ सर विदूषकाच्या वेषात वर्गात शिरतात तेव्हा शहरी प्रेक्षक चकित होतो, तर हा प्रेक्षक घड्याळ पाहून मान डोलावतो. शेजारच्याने अशा वेळी समीक्षा करू नये. "डोरे पूस" एवढेच म्हणून दुपट्टा पुढे करावा.

खरी अडचण दुसऱ्या वर्गाची, म्हणजे स्वतः वसतिगृहात राहिलेल्यांची आहे, आणि तो वर्ग या जिल्ह्यात मोठा आहे. चित्रपटातील मुलाला, ईशानला, निवासी शाळेत पाठवतात ते शिक्षा म्हणून. इकडे मात्र १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून उभ्या राहिलेल्या नवोदय विद्यालयाची परीक्षा पाचवीतल्या मुलाकडून वर्षभर घोकून घेतली जाते, सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागांमध्ये नाव लागले तर पेढे वाटले जातात, आणि ज्यांच्या गावाजवळ पुढची शाळाच नाही अशा आदिवासी कुटुंबांना आश्रमशाळा हाच शिक्षणाचा रस्ता असतो. त्यामुळे आईवडील मुलाला सोडून गाडीत बसतात आणि शंकर महादेवन यांच्या आवाजातले आईचे गाणे सुरू होते, त्या क्षणी सारे घर हुंदके देत असताना वसतिगृहात राहिलेला माणूस पडद्यावरच्या खाटा निरखतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र गादी असल्याचे मोठ्याने नोंदवतो. त्यास पाषाणहृदयी ठरवू नये, कारण त्याचे रडणे सहावीच्या जुलै महिन्यातच पांघरुणाखाली पार पडलेले असते. ईशानच्या वहीची पाने भराभर उलटली जातात आणि आईवडील व भावापासून एक चिमुकली आकृती पानागणिक दूर सरकताना दिसते, तेथे मात्र हाच माणूस पाणी प्यायला म्हणून उठतो. त्याच्या मागे कोणी स्वयंपाकघरात जाऊ नये.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकास हा चित्रपट दाखवताना पुरेसा वेळ राखून ठेवावा. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही अक्षरे ओळखण्यात व जुळवण्यात येणारी अडचण, निकुंभ सर ओळखतात याबद्दल त्याची तक्रार नसते. निकुंभ सरांना पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीचे काम आणि दोन वर्ग एकत्र बसवण्याची कसरत नाही, ही त्याची तक्रार असते आणि ती रास्त आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट झाली, परंतु कायद्याने वर्गातला जादा शिक्षक येत नाही, हेही तो सांगेल. ते बोलणे जाहिराती संपेपर्यंत चालू द्यावे. नंतर तो अचानक गप्प झाला, तर आपण ज्यास ढ म्हणालो असा एखादा विद्यार्थी त्यास आठवला असावा, असे समजून सर्वांनी पडद्याकडेच पाहावे.

वडिलांसाठी सोय थोडक्यात सांगता येते. सूचनाफलकावरचा मजकूर ईशान अडखळत वाचतो आहे, हे दुरून पाहून त्याचे वडील डोळ्यांत पाणी घेऊन परततात. त्या वेळी घरच्या वडिलांनी लाईट गेल्यास बरे, अशी इच्छा करावी आणि भारनियमनाच्या दिवसांत ती पुष्कळदा पूर्णही होते.

शेवटाबद्दलचा वाद मिटणारा नाही. प्रत्येक मूल आपल्या जागी मोलाचे असल्याचे पावणेतीन तासांच्या आसपास सांगितल्यावर ईशानला चित्रस्पर्धेत पहिला आणावेच लागते, आणि चित्रकार ललिता लाजमी यांना परीक्षक म्हणून बसवावे लागते, यात चित्रपटाचा स्वतःच्या म्हणण्यावरच पुरता विश्वास नसल्याचे दिसते. दुसरा किंवा दहावा आलेला ईशान अधिक खरा ठरला असता. मंडईचा प्रेक्षक हे मान्य करणार नाही, कारण रात्रभर जागून हरलेला नायक पाहायला कोणी येत नाही, आणि त्याच्याशी यावर वाद घालणाऱ्याने चहाची सोय आधी करून ठेवावी.

एक सूचना मात्र सर्व वर्गांना सारखीच लागू आहे : ज्या घरचे मूल येत्या जूनमध्ये वसतिगृहात जायचे आहे, त्या घरी हा चित्रपट निदान दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लावू नये.