कानांवर हात

आमच्या वाद्यवृंदाची नांदी गणेशवंदनेने होत नाही. ती ‘मॉनिटर वाढवा’ या दोन शब्दांनी होते. पडदा उघडण्याआधी अण्णा तबल्यावर हातोडी ठोकता ठोकता ते म्हणतात. पडदा उघडला की वहिनी भुवया उंचावून तेच सुचवतात, आणि मी भाता क्षणभर सोडून डाव्या हाताची तर्जनी आभाळाकडे करतो. समोरच्या प्रेक्षकांना वाटतं, पेटीवाले भाविक दिसतात.

ज्यांचं आयुष्य खुर्चीच्या त्या बाजूला गेलं त्यांच्यासाठी सांगतो. मंचाच्या कडेला तिरपा बसवलेला, लोकांकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड केलेला जो काळा खोका दिसतो, तो मॉनिटर. मोठे स्पीकर लोकांसाठी असतात. त्यांचा आवाज आमच्याकडे येतो तो मागच्या भिंतीवर आपटून. भिंत सतरा मीटरवर असली तरी जाऊन-येऊन एक दशांश सेकंद जातो, म्हणजे तेवढं शिळं गाणं. ताजं गाणं हवं तर खोका हवा. पण खोके दोन आणि माणसं तीन. अण्णांचा तबला वाढवला की वहिनींना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, वहिनींचा वाढवला की माझी पेटी बुडते, आणि तिघांचंही वाढवलं की शिट्टी. माइकने खोक्याचं ऐकायचं आणि खोक्याने माइकचं, प्रत्येक फेरीत थोडं वाढवून सांगायचं. दोन जावांमधली कुजबूज चुलीपासून दिंडीदरवाजापर्यंत जाते तीही याच शास्त्राने.

हे दुःख फक्त आमचं नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये गायले, तेव्हा ५५ हजारांहून जास्त लोक किंचाळत होते आणि मंचावर मॉनिटर नावाची वस्तूच नव्हती. ड्रमवाला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली बघून गाणं कुठे पोचलं याचा अंदाज घेत होता. हे ऐकून अण्णांना भरून आलं. कारण गेली एकोणीस वर्षं ते वहिनींच्या अंबाड्यावरचा गजरा कसा हेलकावतो ते बघून समेवर येतात.

आमच्या गवयांनी यावर उपाय केव्हाच काढला होता. तान घेताना एक हात कानावर. आपलाच आवाज आपल्याच कानात वळवायचा. ना वायर, ना बॅटरी. पण तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांचे दोन्ही हात कामात असतात, त्यामुळे ही सोय आमच्या वाट्याला आली नाही.

मग माझ्या भाच्याने मनावर घेतलं. तो ध्वनिव्यवस्थेचा अभ्यास करून आलाय आणि आमच्या कार्यक्रमांना मिक्सरवर बसतो. “मामा, खोके काढून टाकू. प्रत्येकाच्या कानात वायरलेस मॉनिटर देऊ. ज्याला जे हवं ते त्याच्या कानात.”

“मग माझ्याकडे ब्लूटूथचे बोळे आहेत की, तेच वापरू.”

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी पूर्वी बँकेत खाडाखोड केलेल्या चेककडे पाहत असे. ब्लूटूथचा आवाज कानात पोचायला दोन-दोन दशांश सेकंद उशीर होऊ शकतो. द्रुत लयीत तेवढ्यात अख्खी मात्रा निघून जाते. “चित्रपट बघायला ठीक आहे. फोन उशीर धरून चित्र मागे ठेवतो. वहिनींना मागे कोण ठेवणार?” हे मात्र खरं होतं.

शेवटी तिघांची वर्गणी आणि माझ्या निवृत्तीच्या पैशातला एक कोपरा मिळून संच आला. मंचाशेजारी ट्रान्समीटर, प्रत्येकाच्या कमरेला पत्त्याच्या कॅटाएवढा रिसीव्हर, त्यातून वर आलेली वायर आणि कानात बोळे. हा प्रकार काही आजचा नव्हे. जेरी हार्वी नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ मध्ये व्हॅन हेलन बँडच्या ड्रमवाल्यासाठी असे बोळे बनवले आणि त्यातून एक धंदाच उभा राहिला. आमच्यापर्यंत पोचायला तीस वर्षं लागली, पण आमच्याकडे गॅसचा नंबरही पूर्वी तसाच लागायचा.

पहिला पेच कमरेचा. हा रिसीव्हर पट्ट्याला अडकवायचा असतो. माझ्या पायजम्याला नाडी. नाडीला अडकवला तेव्हा रिसीव्हर जागेवर राहिला नाही, आणि पायजमाही राहतो की नाही अशी वेळ आली. वहिनींनी तो नऊवारीच्या केळ्यात खोचून पाहिला, मग म्हणाल्या, “आमच्या आजीने कनवटीला अख्खा संसार ठेवला, हा डबा काय मोठा!” पण शरीरात पाणी फार, आणि पाण्याला हे सिग्नल प्यायला आवडतात. अँटेनावर साडीचे सात पदर आणि वर माणूस बसला की कानात फक्त खरखर. भाच्याने सगळ्यांचे डबे कमरेच्या मागे, अँटेना मोकळी राहील असे लावले.

दुसरा पेच कानाचा. बोळ्यांवर फोम असतो. तो चिमटीत दाबून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फोम फुगेपर्यंत धरून ठेवायचा. एकसष्टाव्या वर्षी भाच्याने माझा कान पिळला, आणि त्याची आई शेजारी उभी राहून “जरा जोरात ओढ रे” म्हणाली. हिशेब कुठेतरी पुरा होतोच.

फोम फुगला आणि जग बंद झालं. स्वतःचं “हं” पाण्याच्या टाकीत बसून काढल्यासारखं घुमलं. त्या शांततेत भाच्याचा आवाज आला, “मामा, तुम्हाला कानात काय हवंय?”

“पेटी.”

“आणि?”

मी विचार केला. “अजून थोडी पेटी.”

चूक इथे झाली, पण ती त्या वेळी समजली नाही. भाच्याने सांगितलं की मिक्सरमधून प्रत्येकासाठी वेगळा मेळ निघतो आणि तो लोकांना मिळणाऱ्या आवाजाच्या आधीच उचललेला असतो. त्याने लोकांसाठी पेटी कमी केली तरी आमच्या कानात ती तेवढीच राहते. आम्ही तिघेही बँकवाले, लगेच कळलं. कपातीआधीचा पगार. पुढे त्याने आणखी एक उदारपणा केला. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक अॅप टाकून दिलं आणि म्हणाला, “आपापला मेळ आपणच लावा.”

तेवढी बजावणी मात्र केली की एक बोळा काढून बसायचं नाही. एक कान उघडा पडला की माणूस दुसऱ्या कानातला आवाज वाढवत जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत १०० वर पंधराच मिनिटं उरतात. अण्णांनी मान डोलावली आणि डावा बोळा काढला.

कार्यक्रम दिवाळी पहाटचा, सोसायटीच्या मैदानावर. आदल्या दुपारी भाच्याने हवेतल्या मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधल्या. त्या समान अंतरावर घ्यायच्या नसतात म्हणे. ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर दोघे बोलायला लागले की त्यांच्या मिसळण्यातून ५९९ आणि ६०२ वर आपोआप तिसरा-चौथा आवाज उभा राहतो. चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्याने नीट आकडेमोड करून जागा निवडल्या, आम्ही मंचभर फिरून पाहिलं, सगळं स्वच्छ होतं.

फक्त तीन गोष्टी त्या दुपारी नव्हत्या. मागची एलईडी भिंत बंद होती, आणि ती चालू झाली की स्वतःच रेडिओचा कचरा उधळते. सजावट समितीच्या ताई आल्या नव्हत्या. त्यांनी पहाटे येऊन “हे काळे डबे फोटोत वाईट दिसतात” म्हणत ट्रान्समीटर त्या भिंतीच्या मागे ठेवले. आणि शेजारच्या दोन मैदानांवरच्या दिवाळी पहाटा अजून झोपेत होत्या.

साडेपाचला आम्ही बसलो. अहाहा! पेटी अशी की प्रत्येक सूर कानाच्या पाळीवर अत्तराच्या फायासारखा बसावा. समोर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, पहिल्या रांगेने कान झाकले, मी शांत. निवेदक उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना कानात घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी तोंड मिटलं की सुरू करायचं एवढंच आम्ही ठरवलं. दोनदा त्यांनी श्वास घ्यायला तोंड मिटलं. दोनदा आम्ही सुरू केलं.

चौथं गाणं केरव्यात. अंतरा सुरू झाला आणि अण्णा वहिनींकडे वळले. डबा कमरेमागे, त्यामुळे डबा आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये आता अण्णा होते. अण्णा म्हणजे पाणी पुष्कळ. आमचा सिग्नल क्षीण झाला. एफएमचा स्वभाव बाणेदार असतो. तो दोन आवाज एकत्र ऐकवत नाही. जो जोरात येईल त्यालाच पूर्ण घरात घेतो आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो. अण्णांच्या कानात शेजारच्या मैदानावरच्या कुणा गायकाचा कॉर्डलेस माइक सुस्पष्ट अवतरला. त्याचं गाणं दादऱ्यात होतं.

अण्णा हाडाचे साथीदार. गायक ऐकू आला की साथ करायची. त्यांनी दादरा धरला. आठ मात्रांच्या गाण्याखाली सहा मात्रांचा ठेका संपूर्ण अंतराभर, रंगात येऊन, तिहाईसकट.

आणि मंचावर कुणाच्या ते लक्षातच आलं नाही.

पहिल्या रांगेत एक आजोबा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते. त्यांचा हात मधल्या पेरावर अडकला तो तसाच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर भाव असा, की एकतर आपलं वय झालं किंवा तालशास्त्राचं. बाकीचे हसत होते, टाळ्या देत होते. आमच्या कानात लोकांसाठी माइकच नव्हता, त्यामुळे ते हसू मला मूकपटातलं दिसलं. मला वाटलं, गाणं पोचतंय.

कार्यक्रम संपल्यावर चहा-फराळाला भाच्याने अण्णांना विचारलं, “गजरा नाही का पाहिला?”

“पाहिला की,” अण्णा म्हणाले. “मला वाटलं, गजरा चुकतोय.”

मग त्याने मिक्सरच्या पडद्यावर आमचे मेळ एकेक करून उघडले. वहिनींच्या कानात वहिनी आणि तानपुरा, बाकी शून्य. माझ्या कानात पेटी काठोकाठ, वहिनी चवीपुरत्या, तबला शून्य. अण्णांच्या कानात तबला, तबला आणि तबला. दोन खोक्यांवरून एकोणीस वर्षं भांडलो, पण त्या भांडणापायी का होईना, एकमेकांचं ऐकत तरी होतो. ज्याला जे हवं ते मिळाल्यावर पहिली गोष्ट आम्ही काय केली, तर शेजाऱ्याला शून्यावर आणलं.

“तबला शून्यावर कुणी नेला?” भाच्याने विचारलं.

बोळे काढण्यासाठी म्हणून वहिनींनी आणि मी एकाच वेळी कानांवर हात ठेवले. गवयांची ती जुनी खूण आहे, हे मी वर सांगितलंच आहे. मराठीत तिचा आणखीही एक अर्थ होतो.

पुढच्या तालमीला भाच्याने मोबाइल जमा करून घेतले. लोकांकडे तोंड केलेले दोन माइक आमच्या कानात सोडले, निवेदकांनाही सोडलं आणि मेळ स्वतः लावला. मी बोळे घातले, वहिनींनी मुखडा उचलला आणि दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत काहीतरी झुळझुळलं. बायाँवर मनगट सरकवून काढलेली एक छोटीशी मींड, मुद्दाम वहिनींच्या श्वासासाठी जागा सोडून. एकोणीस वर्षं अण्णा तिथे असं वाजवत असणार.

गाणं संपल्यावर मला राहवलं नाही. अण्णांकडे वाकून म्हणालो, “अण्णा, फार सुरेख वाजवता हो तुम्ही!”

अण्णांच्या दोन्ही कानांत फोम होता. त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली, आणि भाच्याकडे वळून तर्जनी आभाळाकडे केली.

“अरे, मास्तरांची पेटी वाढव.”