विहीणबाईंची बाल्कनी

मुलाच्या लग्नात आमच्याकडे याद्या झाल्या नाहीत, मानपान झाला नाही, विहिणीची पंगतसुद्धा झाली नाही. मुलं न्यू जर्सीत, लग्न रजिस्टर, जेवण बुफे. ‘आम्हाला काही नको हो’ असं दोन्ही बाजूंनी एकमेकांना इतक्यांदा बजावलं, की खरोखरच कुणाला काही मिळालं नाही. ही सगळी बाकी थकीत खात्यात पडून होती (मी बँकेत होतो, त्यामुळे तोंडात असे शब्द येतात) आणि नात आठवीत गेल्यावर व्याजासकट वसुलीला आली. निमित्त झालं कॅरिबियन क्रूझचं.

डिसेंबरात आम्ही दोघं आणि व्याही-विहीणबाई एकाच वेळी न्यू जर्सीत असणार होतो. दोन्ही घरची माणसं एका छपराखाली महिनाभर राहिली तर काय होईल याचा अंदाज सुनेला आला असावा. तिनेच सुचवलं, मधला एक आठवडा समुद्रावर काढू. न्यूअर्कहून विमानाने पोर्तो रिकोतलं सॅन हुआन गाठायचं, तिथे जहाजात बसायचं, सात रात्रींत सेंट थॉमस, सेंट किट्स, सेंट लुशिया, बार्बाडोस, सेंट मार्टिन करून परत. फ्लोरिडाहून सुटणारी जहाजं स्वस्त पडतात, पण एका आठवड्यात ती बार्बाडोसपर्यंत जाऊन परत येत नाहीत. आणि बार्बाडोस नसेल तर मी येणार नाही, हे मी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं होतं. का, ते पुढे येईलच.

बेरीज सात माणसांची, म्हणजे केबिन तीन. जहाजावर केबिनचे मुख्य प्रकार चार. सगळ्यात स्वस्त ती आतली, तिला खिडकी नाही. दिवा घालवला की दुपारी बारालाही अमावास्या. मग समुद्राकडे खिडकी असलेली, मग बाल्कनीवाली, आणि सगळ्यात वर स्वीट, ज्याचे दर मुलाने आम्हाला दाखवलेच नाहीत.

“केवढी असते खोली?” व्याह्यांनी पार्ल्याहून विचारलं.

“साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट, बाबा.”

“कार्पेट की बिल्टअप?”

मुलाने माइक बंद केला. सून हसताना दिसली, ऐकू आली नाही.

मग विहीणबाईंनी सुरुवात केली. “आम्हाला काय, आतली चालेल. झोपण्यापुरतंच तर जायचं.” हे वाक्य संपायच्या आत आमची ही म्हणाली, “छे, छे, आतली आम्हाला घ्या. यांना नाहीतरी उजेडात झोप येत नाही.” मला उजेडात, अंधारात, संचालक मंडळाच्या बैठकीत, कुठेही झोप येते. पण त्या क्षणी ते सांगणं बरं दिसलं नसतं. पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी उतरती बोली लागली होती. जहाजाला तळघर असतं तर तेही दोघींनी मागितलं असतं.

कॉल संपल्यावर ही म्हणाली, “त्यांना बाल्कनी हवीय.”

“त्या तर आतली म्हणाल्या.”

“म्हणूनच.”

“मग तू का आतली म्हणालीस?”

“त्या म्हणाल्या म्हणून.”

छत्तीस वर्षं मी कर्जाचे अर्ज तपासले, पण अर्जदाराच्या मनातलं ओळखण्याची ही विद्या मला कधी साधली नाही.

माझं काम नकाशाचं. प्रत्येक जहाजाचा मजलेवार नकाशा पाहायला मिळतो, आणि पट्टी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला त्यात बरंच सापडतं. डोलणं सगळ्यात कमी लागतं ते मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. ज्यांना घाट लागतो त्यांनी उंचावरची, टोकाची केबिन घेऊन वर आवळासुपारीच्या पुड्या बाळगण्यात अर्थ नाही. आपल्या डोक्यावर पोहण्याचा तलाव नको, कारण पहाटे तिथे खुर्च्या ओढतात. पायाखाली नाट्यगृह नको, मध्यरात्रीपर्यंत ढोल वाजतो. अगदी पुढची नको, जहाज धक्क्याला लागताना तिथली यंत्रं घरघरतात. खिडकीची घ्यायची तर बाहेर जीवरक्षक बोट टांगलेली नाही ना, हे बघायचं. नाहीतर सात दिवस त्या बोटीचं नारिंगी बूड बघत बसा. आणि एक ‘गॅरंटी’ नावाचा प्रकार असतो. त्यात पैसे कमी, पण केबिन कोणती ते कंपनी ठरवणार. बँकेत माझ्यापुढे असली गॅरंटी आली असती तर मी सही केली नसती.

मुलाचा एक प्रस्ताव मात्र मला नकाशात दिसलेल्या कुठल्याही धोक्यापेक्षा मोठा वाटला. “काही केबिनना मधे दार असतं,” तो उत्साहाने म्हणाला. “तुम्हा चौघांना शेजारशेजारच्या दोन घेऊ. दार उघडलं की एकच मोठी खोली!”

पुणे शांत. पार्लं शांत. तशा दारातून पलीकडचा आवाज छान ऐकू येतो, हे मी वाचलं होतं. आमचे व्याही घोरतात, हे लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्या हॉलने ऐकलं होतं. पण नकाराला ते कारण कसं देणार? शेवटी व्याहीच मदतीला धावले. “दक्षिण कुठल्या बाजूला येते त्यात?”

उत्तरेकडे डोकं करून ते झोपत नाहीत. मुलाने समजावलं, की जहाज सॅन हुआनहून दक्षिणेकडे जाणार आणि बार्बाडोसहून वायव्येला वळून परत येणार, त्यामुळे पलंगाची दिशा ठरवून ठेवता येत नाही. यावर व्याह्यांनी शांतपणे सांगितलं, की मग परतताना आपण पायथ्याशी उशी घेऊन झोपू. मधल्या दाराचा विषय तेवढ्यात बुडाला.

राहिली बाल्कनी. विहीणबाईंना ती का हवी होती, हे नातीने त्यांच्याकडून हळूच काढून घेतलं. कपडे वाळत घालायला. रोजचे कपडे रोज धुतल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही, आणि समुद्रावरचं वारं फुकट जाताना बघवत नाही. आता, जहाजाच्या कठड्यावर काहीही वाळत घालायला सक्त मनाई असते. वाऱ्याने उडतं, खाली कुणाच्या बाल्कनीत जाऊन पडतं. हे त्यांना सांगायचं कुणी? आई सांगेना, बाबा सांगेनात, मी तर सांगणं शक्यच नव्हतं. सांगितलं नातीनेच, आणि वर उपायही दिला: केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यांना लोहचुंबकाचे हूक चिकटतात, आणि न्हाणीघरात बहुतेक वेळा ओढून लावायची एक दोरीही असते. पुढच्या कॉलला विहीणबाईंच्या हातात लॅमिंग्टन रोडवरून आणलेले दोन डझन चुंबकी हूक होते. फ्रिजच्या दारावर एकेक खटकन लावून त्यांनी आम्हाला दाखवले. आता बाल्कनीची गरज उरली नव्हती, पण तोवर आमच्या हिनेच ‘बाल्कनी विहीणबाईंना’ असं जाहीर करून टाकलं होतं. मानाचं पान वाढून झालं होतं. आम्हाला खिडकी, मुलांना आतली. मुलगा, सून आणि नात समोरच्या बिनखिडकीच्या खोलीत, म्हणजे पैसे भरणारे सगळ्यात अंधारात, ही रीत मात्र अगदी लग्नातलीच.

यानंतर बेटांवरचे बेत. जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळेत काय करायचं ते दोन तऱ्हांनी ठरवता येतं. जहाजाकडूनच सहल घ्यायची, ती महाग. पण तिची बस उशिरा आली तर जहाज खोळंबतं. किंवा बाहेरून स्वस्तात टॅक्सी ठरवायची, आणि उशीर झाला तर जहाज गेलं. सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी आत असावंच लागतं. धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळणाऱ्या उशिरा आलेल्यांचे व्हिडिओ ही एक स्वतंत्र कला आहे, आणि व्याही रोज रात्री ते पाहून झोपतात. वरच्या मजल्यांवरून बाकीचे प्रवासी टाळ्या वाजवत असतात. त्यात डिसेंबरात न्यू जर्सीचं घड्याळ त्या बेटांपेक्षा एक तास मागे. “मनगटावरचं घड्याळ बदला,” असं मुलाने चौघांनाही वेगवेगळ्या कॉलवर सांगितलं. मी बदलणार नाही, हे त्याला माहीत आहे. मी दोन घड्याळं घालणार आहे.

सेंट थॉमसचा निर्णय पटकन झाला. हे बेट अमेरिकेने 1917 साली डेन्मार्ककडून शेजारच्या दोन बेटांसकट अडीच कोटी डॉलरला घेतलं, तेही सोन्यात. एवढं वाचून माझं त्या बेटाबद्दलचं मत चांगलं झालं. शिवाय तिथे गाड्या डाव्या बाजूने चालतात आणि चालकही गाडीत डावीकडेच बसतो, म्हणजे ओव्हरटेक करताना समोरचं काही दिसत नाही. पुण्यात राहिलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे? मेगन्स बे नावाचा किनारा, दोन तास, मंजूर.

सेंट किट्सला उसाची जुनी आगगाडी आहे. 1912 ते 1926 या काळात मळ्यांतून कारखान्यात ऊस नेण्यासाठी रूळ टाकले. 2005 साली तिथला साखर उद्योग बंद पडला. आता त्याच रुळांवरून डबल डेकर डब्यांत प्रवासी बसवून फिरवतात. अठरा मैल गाडी, बारा मैल बस, की बेटाची प्रदक्षिणा पुरी. आमची ही सांगलीकडची, तिच्या माहेरी ऊस. इतर बायका किनारे बघत होत्या तेव्हा हिने विचारलं, “बंद का पडला?” सरकारी कारखाना, वाढता तोटा, असं मी सांगितलं. “आणि शेतकऱ्यांची बिलं?” याचं उत्तर सहलीच्या माहितीपत्रकात नव्हतं. तिकडे गेल्यावर ती गार्डला विचारणार आहे. मी दुसऱ्या डब्यात बसेन.

सेंट लुशियाला दोन सुळके, गंधकाच्या झऱ्यांतलं चिखलस्नान, आणि तिथवर जायला तास-सव्वा तासाची वळणं. इथे आवळासुपारी लागणार. या एवढ्याशा बेटाने दोन नोबेल मिळवलीत, अर्थशास्त्राचं आर्थर लुईस यांनी 1979 मध्ये आणि साहित्याचं डेरेक वॉलकॉट यांनी 1992 मध्ये, हे मी कॉलवर सांगितलं. त्यावर सुनेने ‘हो का बाबा’ म्हटलं आणि चिखलाचं बुकिंग केलं. सेंट मार्टिनला माहो नावाचा किनारा आहे, तिथे विमानं उतरताना डोक्यावरून हाताला लागतील अशी जातात. जगभरातून माणसं ते पाहायला येतात. व्याह्यांनी हा बेत एका वाक्यात उडवला. “पार्ल्यात चाळीस वर्षं आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतोय, आता त्याचेच पैसे द्यायचे?”

आणि मग बार्बाडोस.

यादीत कासवांबरोबर पोहणं होतं, रमचा कारखाना होता, गुहा होती. मी म्हटलं, मला केन्सिंग्टन ओव्हल बघायचंय.

“मॅच आहे का त्या दिवशी?” विहीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

आता या ‘मग’चं काय करायचं? 1962 साली त्या मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला आणि वेस्ट इंडीजच्या कॅप्टनने, फ्रँक वॉरेलने, त्याच्यासाठी रक्त दिलं. 1971 साली वाडेकरच्या संघातल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईने तिथे दीडशे काढले आणि दुसऱ्या डावात गावसकर 117 वर नाबाद राहिला. ती मालिका आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून जगलो. 1997 साली सचिन कॅप्टन असताना जिंकायला 120 हवे होते आणि आपण 81 मध्ये गारद झालो. दुसऱ्या दिवशी बँकेत कॅश काउंटरवरसुद्धा कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आणि 29 जून 2024, टी-20 विश्वचषकाची फायनल. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा हव्यात, मिलरने मारलेला चेंडू सीमेपार चाललाय, सूर्यकुमार तो झेलतो, आत उडवतो, स्वतः दोरीबाहेर जाऊन परत येतो आणि पुन्हा झेलतो. मला त्या दोरीपाशी उभं राहायचंय. दोरी नसेल तर जिथे होती तिथे. गेट बंद असेल तर गेटबाहेर.

हे सगळं मी एका दमात बोललो असणार, कारण थांबलो तेव्हा पडद्यावरची पाचही चौकटींतली तोंडं हललेली नव्हती. मग व्याही पुढे सरकले. “सरदेसाईचे दीडशेच ना हो? मी तेव्हा मॅट्रिकला होतो. त्याच्या धावा ऐकत बसलो आणि बीजगणितात आपटलो.” लग्नानंतर इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच एका वाक्यावर एकमत होत होतं.

“पण आबा, मला रिहानाचं घर बघायचंय,” नात म्हणाली.

हे नाव मला ठाऊक होतं, पण ती बार्बाडोसची हे नव्हतं. तिचं लहानपण ज्या रस्त्यावर गेलं त्याला 2017 मध्ये तिचंच नाव दिलंय. मी पट्टी-पेन्सिल पुन्हा बाहेर काढली. तो रस्ता केन्सिंग्टन ओव्हलच्या अगदी जवळ निघाला, आणि मैदान जहाजाच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ना सहल, ना टॅक्सी, ना डॉलर. एका फेरीत सरदेसाई, सूर्यकुमार आणि रिहाना. नातीने लगेच मैदान आणि घर मिळून किती पावलं होतात ते मोजून दाखवलं. मुलाने सहलींच्या खर्चातून एक ओळ खोडली, तेव्हा त्याचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदा उजळला.

“चालत जायचं ठीक आहे,” व्याही म्हणाले. रात्रीचे व्हिडिओ बोलत होते. “पण तुम्ही तिथे गेटबाहेर 1971 सुरू केलंत, मी बीजगणित सुरू केलं, आणि जहाज सुटलं तर?”

“मग तुम्ही दोघं पळा,” विहीणबाई म्हणाल्या. “आम्ही दोघी बाल्कनीतून टाळ्या वाजवू.”