पिंट्याचा वार्षिक बहिष्कार

‘डब्ल्यूडब्ल्यूई टूके’ या कुस्तीच्या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्तीची जाहिरात झळकली, की आमच्या सोसायटीतला पिंट्या ती न घेण्याची शपथ घेतो. शपथ जाहीर असते. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, प्रसंगी वॉचमनसमोरही. “यंदा एक रुपया द्यायचा नाही. मागच्याच गेमला रंग मारून विकतात.” मग मार्चमध्ये गेम बाजारात येतो आणि पिंट्याच्या हॉलमधला दिवा रात्री दोनपर्यंत जळत राहतो. सकाळी छेडलं तर म्हणतो, “घ्यावा लागला. हातात आल्याशिवाय शिव्या कशा देणार?”

पिंट्याने चाळिशी ओलांडली आहे. ऑफिसात हाताखालची माणसं त्याला ‘सर’ म्हणतात. पण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, पैलवानांची ट्रम्प कार्डं खेळत जे वाढले, त्यांच्यातलं काहीतरी तिथेच अडकून पडलं आहे. पिंट्याला अंडरटेकरची उंची आणि योकोझुनाचं वजन पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढे कॉलेजमागच्या गल्लीत तासावर पैसे घेणारं गेम पार्लर निघालं आणि त्याच्या आयुष्यात प्लेस्टेशन टू आला. त्या पार्लरमध्ये त्याला जे दर्शन घडलं, त्याचं नाव ‘हिअर कम्स द पेन’.

जपानच्या युक्स कंपनीने २००३ साली केलेला हा गेम पिंट्याच्या लेखी प्रमाणग्रंथ आहे. त्यावर बोलताना त्याचा आवाज खाली येतो. “पायावर मारत राहिलास तर समोरचा लंगडायचा. डोकं, धड, हात, पाय, सगळ्याचा हिशेब वेगळा. पकडींचेच चार प्रकार. दाबलं बटण की बसलाच फटका!” यात खोटं काही नाही. खेळायला तो गेम खरोखरच चपळ होता आणि आजही जाणकार त्याचं नाव काढतात. पण त्याच्या लढतींत समालोचनच नव्हतं, हे कुणी दाखवून दिलं तर पिंट्या उसळतो. “तेच तर चांगलं होतं! उगाच बडबड नाही.” आणि नव्या गेममधलं समालोचन तीच तीच वाक्यं घोळवतं, ही त्याची नव्याबद्दलची तक्रार क्रमांक एक.

नवा गेम तो खेळत नाही, तपासतो. मला शेजारी बसवतो, हातात दुसरा रिमोट देतो आणि पैलवानाच्या एंट्रीलाच पॉज करतो. “चेहरा बघ. घामाचा थेंबन् थेंब दिसतोय. दंडाची शीर बघ. कपड्याची शिवण बघ.” हे सगळं खरं असतं. स्टेजचे दिवे, गर्दीचा आवाज, रोमन रेन्सची ती सावकाश चाल टीव्हीवरच्या कार्यक्रमाइतकीच झोकात असते. मग पिंट्या चित्र मोठं करतो. “आता केस बघ.” पैलवानाची बट त्याच्या स्वतःच्या खांद्यातून आरपार गेलेली असते. “इतकी वर्षं! इतकी वर्षं यांना केस जमत नाहीत.” ही बट सापडली की पिंट्याचा चेहरा उजळतो. लग्नाच्या पंगतीत चौथी जिलबी उचलताना पाक जरा कच्चा राहिल्याचं सांगणाऱ्या काकांना जो आनंद होतो, तो हाच.

मी एकदा बेसावधपणे म्हणालो, “पण खेळायला मजा येते की.” पिंट्याने नाइलाजाने कबुली दिली. २०२२ च्या आवृत्तीपासून बटणांची मांडणी सोपी झाली आहे. एक बटण हलक्या फटक्याचं, एक जोरदार फटक्याचं, एक पकडीचं, आणि समोरच्याचा डाव उलटवायला त्रिकोण. त्रिकोण नेमक्या क्षणी दाबावा लागतो. मी नेहमी उशिरा दाबतो आणि माझा पैलवान डोक्यावर आपटतो. “बघ,” पिंट्या म्हणतो, “नवशिक्यालाही किती लवकर कळतं!” ही स्तुती होती. ती गेमची होती, माझी नव्हती.

पण शिडीची लढत लावली की त्याला पुन्हा सूर सापडतो. रिंगच्या मधोमध वर बेल्ट लटकलेला, खाली शिडी उभी, आणि कॉम्प्युटरने चालवलेला पैलवान तिच्याभोवती नुसता घुटमळतोय. माणसं चार झाली की गोंधळ विचारू नका. पिंट्या तेव्हा खेळणं सोडून फोनवर त्याचं चित्रीकरण करतो.

त्याच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०१९ चा ऑक्टोबर. वर्षानुवर्षं ही मालिका करणारी युक्स बाजूला झाली, सगळा भार व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स या दुसऱ्या कंपनीवर आला आणि ‘टूके२०’ बाहेर पडला. रिंगचे दोर आपोआप वळवळत होते. चेहरे ओळखू येत नव्हते. कुणी जमिनीत रुतत होतं, कुणी हवेत अधांतरी. आणि १ जानेवारी २०२० ला कहर झाला: नावातच २० असलेला गेम २०२० साल लागताच सुरू व्हायचा बंद पडला. दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी कन्सोलची तारीख मागे नेऊन २०१९ मध्येच राहणं पसंत केलं. पिंट्या तो संपूर्ण आठवडा हवेत होता. वॉचमनलाही त्याने हा किस्सा ऐकवला. पुढे कंपनीने २०२१ ची आवृत्ती रद्दच केली, वेळ घेतला आणि २०२२ च्या मार्चमध्ये बरा गेम दिला. पिंट्याला इतका उदास मी कधी पाहिला नव्हता.

त्यात त्याची आवडती मागणीही कंपनीने मान्य करून टाकली. २००५ साली आलेली जनरल मॅनेजरची सोय मधे बंद झाली होती. तीत कुस्ती खेळण्यापेक्षा कंपनी चालवायची असते: पैलवान करारावर घ्या, सामने ठरवा, बजेट सांभाळा, कोण रुसलंय ते बघा. ती परत आणा म्हणून पिंट्या वर्षानुवर्षं कंठशोष करत होता. ती आली. आता तो ऑफिसातून बजेट आणि रुसवेफुगवे सांभाळून येतो, चहा घेतो आणि सोफ्यावर बसून पुन्हा बजेट आणि रुसवेफुगवे सांभाळतो. “याचा पगार तरी मिळतो का?” असं वहिनींनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “नाही, पण यातली माणसं ऐकतात.”

वहिनी कोल्हापूरच्या. त्यांचे वडील तरुणपणी तालमीत घुमलेले, मोडलेल्या कानांचे. गेल्या दिवाळीत ते आले आणि जावयाच्या टीव्हीसमोर बसले. ब्रॉक लेस्नरने एकाला उचलून आपटला होता.

“पाव्हणं, ह्यो चितपट झाला न्हवं? दोन्ही खांदे टेकल्यात.”

“नाही मामा. रेफरी तीन मोजेपर्यंत कुस्ती चालू.”

“म्हंजे पडल्याला उठायला सवलत?” मामांनी मान हलवली. तेवढ्यात शिडी आली. “आनि ह्यो शिडीपाशी काय हुडकतोय? पंखा पुसायचाय व्हय?”

टीका आपल्यापेक्षा धारदार निघाल्याचं पाहून पिंट्या हबकला आणि आयुष्यात प्रथमच त्याने गेमची बाजू घेतली. त्याने पैलवान घडवायची सोय उघडली. ही या गेमची खरी श्रीमंती. नाकाचा शेंडा, जबड्याची रुंदी, पोटाचा घेर, चालण्याची ढब, विजयानंतरचा हावभाव, सगळं आपल्या मनासारखं करता येतं. पिंट्याने सबंध दुपार घालवून मामा घडवले. मिशीला तासभर लागला. कानांवर समाधान होईना. निवेदकाने पुकारायचं नाव तेवढं तयार यादीतूनच उचलावं लागलं, त्यामुळे आमचे मामा रिंगमध्ये भलत्याच नावाने उतरले.

मामांनी चष्मा सारखा केला, रिमोट दोन्ही हातांत घट्ट धरला आणि दिसेल ते बटण दाबत लेस्नरला लोळवला. रेफरीने तीन मोजले.

“जिंकलो?”

“जिंकलात मामा!”

“मग इनाम कुठाय?”

पिंट्या घुटमळला. या गेममध्ये आभासी नाणी असतात. खेळून ती मुंगीच्या पावलांनी साठतात, खऱ्या पैशांनी चटकन मिळतात. २०२५ च्या आवृत्तीतल्या ‘द आयलंड’ या विभागात तर पैसे ओतले की पैलवानाचं बळही वाढतं. त्यावर जगभरचे खेळाडू चिडले होते, पिंट्या त्यांत अग्रभागी होता. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, “लौकर हवं असेल तर विकत घ्यावं लागतं.”

“इनाम इकत?” मामांनी रिमोट खाली ठेवला. “आनि ह्या खेळाला पैसं किती दिलं?”

पाच हजारांच्या आसपासचा आकडा पिंट्याने सांगितला नाही. वहिनींनी सांगितला.

मला वाटतं, पिंट्याला या खेळाचं मर्म आपल्या सगळ्यांपेक्षा नीट कळलं आहे. तिकडच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, प्रेक्षकांनाही ते ठाऊक असतं. तरी खलनायक रिंगमध्ये आला की ते घसा फोडून त्याची हुर्यो उडवतात, कारण तिकीट त्याचसाठी काढलेलं असतं. पिंट्याचा खलनायक ही गेम कंपनीच. जाहिरातीला आव्हान, मार्चमध्ये लढत, वर्षभर हुर्यो. निकाल ठरलेला.

परवा माझ्या भाच्यासाठी नवा गेम घ्यावा का, म्हणून त्याचा सल्ला विचारला. अर्धा तास त्याने दोष मोजले: केस, शिडी, समालोचन, नाणी, जुन्या आवृत्त्यांचे बंद पडणारे सर्व्हर. मी म्हटलं, “मग राहू दे तर.”

“राहू दे कसं?” पिंट्या दचकला. “घे. पण साधा नको घेऊस. महागातला घे, आठवडाभर आधी मिळतो.”