अंदाजपत्रकाचे श्रवण

स्वतःच्या पैशाबद्दल मनुष्य जितका सावध, तितकाच चौघांच्या पैशाबद्दल तो उदार असतो, हा सिद्धान्त ज्या कोणास पडताळून पाहावयाचा असेल, त्याने मुळशी तालुक्यातील आमच्या जांबे गावी अंदाजपत्रकाचे वाचन चालू असताना येऊन बसावे. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी पाव तास हुज्जत घालणारे गृहस्थ, रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती यांच्या लाखांच्या रकमा कानांवरून जात असता, चातुर्मासातील पोथीला बसलेल्या वृद्धांप्रमाणे प्रसन्न मुद्रेने डोळे मिटून घेतात. आणि आपल्या गल्लीचे नाव उच्चारले जाताच मात्र तत्काळ जागे होतात.

हिंजवडीच्या आयटी पार्काचा शेजार लाभल्यापासून आमच्या गावात श्रोत्यांचे दोन वर्ग झाले आहेत. पहिला वर्ग पिढीजात रहिवाशांचा; दुसरा, गृहकर्जाचे हप्ते फेडण्यात निम्मे आयुष्य गहाण टाकून उंच इमारतींत राहावयास आलेल्यांचा. आमच्या वॉर्डाचे मेंबर या उभयतांस एकाच बैठकीत अंदाजपत्रक समजावून सांगतात, तेव्हा त्यांच्या जिभेची जी कसरत होते ती प्रेक्षणीय असते. डावीकडे वळून ते "तात्या, तुमच्या वस्तीचा रस्ता धरलाय बरं का," असे म्हणतात, तर उजवीकडे वळताच "सर, सदर कामास तरतूद प्रस्तावित आहे," अशी त्याच वाक्याची नागर आवृत्ती सादर करतात. "धरलाय म्हंजी यंदा व्हनार का?" असे तात्या विचारतात, "याची पीपीटी ग्रुपवर टाकाल का?" असे सर विचारतात, आणि दोघांच्याही प्रश्नांस मेंबर मान हलवून असे उत्तर देतात, की ज्याचा अर्थ होकार की नकार हे दोघांपैकी कोणासही निश्चित सांगता येऊ नये.

वास्तविक मेंबरांची स्थिती अनुकंपनीय आहे. ज्यास नमुना नंबर 1 म्हणतात त्या कागदावर आरंभीची शिल्लक, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर अशी जमेची बाजू मोठ्या थाटात मांडली जाते खरी; परंतु खर्चाच्या बाजूस लेखणी वळताच कायदा आडवा येतो. स्वउत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचे, हे योग्यच आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कमही पाणी व स्वच्छता यांच्याच कारणी लावावी, असे बंधन होते. यांतून कर्मचाऱ्यांचे पगार आणि विजेचे बिल वजा जाता जे उरते, त्यात ज्याला त्याला आपल्या दारापर्यंत काँक्रीट हवे असते. त्यात पुन्हा इमारतीचा नकाशा मंजूर करण्याचा मान पीएमआरडीए या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि त्या इमारतीचा ओला-सुका कचरा उचलण्याचा भार ग्रामपंचायतीकडे, अशी श्रमविभागणी सरकारने करून ठेवलेली असल्यामुळे, प्रत्येक नव्या मजल्याबरोबर मेंबरांच्या कपाळावर एक नवी आठी चढत जाते.

या सर्वांवर एक रामबाण उपाय दुसऱ्या वर्गातील श्रोते नित्य सुचवितात, तो म्हणजे गाव महानगरपालिकेत घालणे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, गहुंजे, सांगवडे आणि आमचे जांबे ही गावे पिंपरी-चिंचवडमध्ये समाविष्ट करण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे या दप्तरातून त्या दप्तरात प्रवास करीत आला आहे. मेंबर जाऊन नगरसेवक आला, की स्थायी समिती, लेखाशीर्षे, उपसूचना आणि निधीचे वर्गीकरण अशा भारदस्त मार्गांनी पैसा दारी चालत येईल, अशी त्यांची श्रद्धा. तथापि त्याच महापालिकेत मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, आणि आयुक्तांनी तयार केलेले अंदाजपत्रक प्रशासक या नात्याने आयुक्तांनीच मंजूर करण्याचा प्रघात होता, ही गोष्ट ते विसरतात. इतके निर्विघ्न एकमत लोकशाहीच्या इतिहासात विरळाच.

लोकांनी स्वतःच अंदाजपत्रक घडवावे हा विचारही काही नवा नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने 1989 साली तो अंमलात आणला, आणि पुणे महापालिकेनेही 2006 च्या सुमारास नागरिकांकडून कामांच्या सूचना मागविण्यास प्रारंभ केला. आमच्याकडे अशा सूचना मागविल्या असता श्रोत्यांची प्रतिभा बहुधा बाक आणि गतिरोधक यांच्या पलीकडे जात नाही. त्यातही गतिरोधक आपल्या दारापुढे आणि बाक दुसऱ्याच्या, कारण बाकावर बसणाऱ्यांचा गलबला होतो.

माझ्या अल्पमतीप्रमाणे दोष मेंबरांचा नाही, श्रवणपद्धतीचा आहे. पुढील वर्षी काय होणार याचा रकाना आपण कान टवकारून ऐकतो, आणि गतवर्षी प्रत्यक्ष काय झाले हा त्याच कागदावरील रकाना वाचला जात असता चहाचे कप गोळा करू लागतो. पेशवाईतील कारकून सालाचा आजमास बांधीत, तसा सालअखेर ताळेबंदही मांडीत; आपण आजमासावरच समाधान पावतो. म्हणून श्रोत्यांस विनंती अशी, की यंदा मेंबरांस केवळ एकच प्रश्न करावा: मागल्या साली धरलेल्यापैकी किती खर्ची पडले? तात्यांनी तो आपल्या भाषेत विचारावा, सरांनी आपल्या. उत्तर आकड्यांतच द्यावे लागत असल्यामुळे नुसत्या मान हलविण्याने भागणार नाही.

मात्र त्यासाठी सभेस हजर राहिले पाहिजे. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. एवढीही डोकी न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते.