आमचा इटालियन जॉब

आमच्या घरात मी भित्रा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही प्रसिद्धी मी कष्टाने मिळवलेली आहे. पाल दिसली की मी खुर्चीवर चढतो, रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं की मीच त्याची माफी मागतो, आणि बँकेतून स्वतःचेच पैसे काढताना माझी सही अशी थरथरते की कॅशियर माझ्याकडे आणि पासबुकातल्या फोटोकडे आळीपाळीने बघत राहतो. अशा माणसाने रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की सोफ्यावर मांडी ठोकून लंडनच्या गुंडांचे सिनेमे बघावेत आणि वर खो-खो हसावं, हे कोडं बायकोला अजून सुटलेलं नाही. “अहो, त्या माणसाचा जीव गेला आणि तुम्ही हसताय?” ती विचारते. आता तिला कसं सांगू? तो ज्या वेंधळेपणाने मेला, त्याने मीही केव्हाच गेलो असतो. माझ्या हातात पिस्तूल नाही म्हणून वाचलोय.

‘द गॉडफादर’ बघताना मला आदर वाटतो, आपलेपणा नाही. तिथे अंधाऱ्या खोलीत बसून म्हातारा हळू आवाजात चार शब्द बोलतो आणि दुसऱ्या दिवशी काम फत्ते. आमच्याकडे मी मोठ्या आवाजात ओरडलो तरी कोणी गीझर बंद करत नाही. ब्रिटिश गुंडांचं तसं नसतं. त्यांचा बेत अव्वल असतो; फक्त तो पार पाडायला माणसं म्हणून तेच असतात. गाय रिचीचा १९९८चा ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ घ्या. चार मित्र वर्गणी काढून त्यांच्यातल्या हुशार गड्याला पत्त्यांच्या डावाला बसवतात, तो डाव आधीच लावलेला निघतो, डोक्यावर पाच लाख पौंडांचं कर्ज होतं, फेडायला एक आठवडा, आणि मग भिंत पातळ असल्यामुळे शेजारच्या चोरांचा बेत ऐकू येतो म्हणून त्या चोरांनाच लुटायचं ठरतं. शेवटी एक जण नदीवरच्या पुलाला लोंबकळतोय, तोंडात फोन धरलाय आणि फोन वाजतोय. हे आपण कुठेतरी पाहिलंय असं मला सारखं वाटत होतं. मग आठवलं, २००६च्या ‘फिर हेराफेरी’त आमच्या बाबूराव आपट्यांच्या मंडळींनी हाच उद्योग केला होता. पातळ भिंतींच्या घरात राहणाऱ्या मराठी माणसाला हा सिनेमा परका वाटूच शकत नाही.

तरी भाषेची अडचण होतीच. खालच्या ओळी वाचल्याशिवाय मला इंग्रजी सिनेमा कळत नाही, आणि चष्मा लावून त्या वाचेपर्यंत माणूस मेलेला असतो. ‘स्नॅच’ने मात्र माझी लाज राखली. त्यात ब्रॅड पिट असं काही पुटपुटतो की पडद्यावरच्या इंग्रजांनाच ते उमगत नाही. तेही एकमेकांची तोंडं बघतात. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजांच्या बरोबरीने बसून इंग्रजी सिनेमा पाहिला.

खरी कसोटी लागली ती ‘सेक्सी बीस्ट’ला. हे नाव घरात मोठ्याने उच्चारायची सोय नाही, म्हणून मी “जुना इंग्रजी सिनेमा” एवढंच सांगितलं आणि आवाज बारीक करून बसलो. नेमक्या त्याच वेळी सासूबाई जपमाळ घेऊन बाहेर आल्या, पडद्याकडे पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आपले गांधीजी!” होते खरे. १९८२च्या ‘गांधी’तले बेन किंग्जली. पण इथे ते स्पेनमध्ये सुखाने राहणाऱ्या एका निवृत्त तिजोरीफोड्याला पुन्हा दरोड्यात ओढायला आले होते, आणि तो नाही म्हणतोय म्हणून जी शिवी आठवेल ती त्याच्या अंगावर फेकत होते. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या पदर सावरून, हात जोडून, थेट शेवटपर्यंत बसल्या. उठताना डोळे पुसत म्हणाल्या, “किती तळमळून बोलत होते हो!”

असे सिनेमे एकेकट्याने बघावेत, मेहुण्याबरोबर नाही. आम्ही दोघांनी १९६९चा ‘द इटालियन जॉब’ पाहिला आणि बिघडलो. त्यातला मायकेल केन लंडनहून तुरिनला जाऊन अख्ख्या शहराची वाहतूक ठप्प करतो आणि लाल, पांढऱ्या, निळ्या अशा तीन चिमुकल्या गाड्यांतून सोनं पळवतो. मला वाटलं, याला तीन गाड्या जमतात तर आपल्याला एक स्कूटर जमायला काय हरकत आहे? स्कूटर माझीच होती. बायकोने ती भंगारवाल्याला द्यायचं पक्कं केलं होतं, तो सकाळी यायचा होता, आणि आदल्या रात्री ती पार्किंगमधून उचलून मेहुण्याच्या शेडमध्ये लपवायची असा आमचा बेत होता. विजेच्या बिलाच्या मागे मी रीतसर नकाशा काढला. टेहळणीला वरच्या मजल्यावरच्या काकांना घेतलं, कारण त्यांना तशीही झोप येत नाही. कोणी आलं तर त्यांनी शीळ घालायची.

त्याच सिनेमात व्हॅनचं नुसतं दार उडवायचं असतं आणि अख्खी व्हॅन उडते. ते बघताना आम्ही फार हसलो होतो.

मध्यरात्री मेहुणा आला तो काळे कपडे म्हणून पावसाळी कोट आणि माकडटोपी घालून, आणि ऐन मे महिन्यात आल्यामुळे गेटापासूनच निथळत, स्कूटर कोपऱ्यात सात-आठ सायकलींच्या मागे अडकलेली, म्हणून आम्ही एकेक सायकल श्वास रोखून बाजूला केली, तेवढ्यात वॉचमन उठून आला आणि काकांची शीळ काही वाजली नाही, कारण रात्री काढलेली कवळी ते वरच वाटीत ठेवून आले होते, वॉचमनने आम्हाला ओळखलं, सलाम ठोकला, “साहेब, ढकलू का?” म्हणाला आणि खरोखरच ढकलली, अशी की चाकांना गंज चढला होता तरी ती उतारावरून सुटली, हँडल एका गाडीला घासलं, त्या गाडीने बोंब ठोकली, तिचं ऐकून दुसरीने, आणि आमची स्कूटर मात्र शहाण्यासारखी गेटापाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. सगळ्या खिडक्यांत दिवे लागले. आमच्या बाल्कनीतून आवाज आला, “अहो, सगळ्यांचा चहा टाकू का?”

१९५५च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये ॲलेक गिनेसची टोळी किंग्ज क्रॉसजवळ एका म्हातारीकडे भाड्याने खोली घेते आणि वाद्यांचा सराव चालू आहे असं भासवून दरोड्याची आखणी करते. म्हातारी दर थोड्या वेळाने दार ठोठावून चहा हवा का विचारते. पुढे ती टोळी आपापसातच एकेकाला संपवत जाते, प्रेतं खालून जाणाऱ्या मालगाडीत पडतात, आणि पैसा उरतो तो म्हातारीकडे. पोलिसांचा तिच्या सांगण्यावर विश्वासच बसत नाही. खऱ्या लंडनमध्ये क्रे बंधूंनी साठच्या दशकात माजवलेली दहशत काही हसण्याची बाब नव्हती. १९६९ साली त्या दोघांना जन्मठेप झाली. सिनेमातल्या गुंडांना मात्र कोर्टापर्यंत जावंच लागत नाही. चहा विचारणारी बाई पुरते.

आमच्याकडे मालगाडी नव्हती म्हणून आम्ही तिघेही जिवंत वर गेलो आणि माना खाली घालून चहा प्यालो. फुटला कोण, हे वेगळं शोधावं लागलं नाही. मेहुणा बशीत चहा ओतत म्हणाला, “ताईला मी दुपारीच सांगितलं होतं. तिच्यापासून काही लपवत नाही ना मी.”

सकाळी भंगारवाला आला. स्कूटर कोपऱ्यातून बाहेर काढायचे तो वेगळे तीनशे रुपये कापणार होता; ती गेटाशी उभी बघून त्याने मुकाट्याने पूर्ण पैसे मोजले. बायकोने ते मोजून घेतले आणि त्यातून सोसायटीच्या पार्किंगला एक भक्कम कुलूप आणलं.

चोऱ्या वाढल्यात म्हणे.