ब्रंचराव

दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या ट्रॅव्हल्स सकाळी सकाळी आमच्या नांदेडकडच्या नायगावच्या रस्त्यावर रिकाम्या व्हायला लागल्या, की त्यातल्या एकीतून ब्रंचराव उतरतो. खरं नाव विचारू नका. एकाचं घेतलं तर नरसीचा, कुंटूरचा, मांजरमचा आणि बरबड्याचा असे चौघे रुसतील. तालुक्यात प्रत्येक मोठ्या गावाला एक तरी ब्रंचराव आहेच. पाठीवर कंपनीनं दिलेली बॅग, पायांत पांढरेशुभ्र बूट आणि समोर आमची काळी माती. त्या मातीकडं तो असा बघतो की जणू ती त्यानं कधी तुडवलीच नाही. मग समोरच्या हॉटेलात जाऊन म्हणतो, "मामा, एक चहा. साखर कमी."

नायगावात कमी साखरेचा चहा दोनच प्रकारची माणसं पितात. एक डायबेटिसवाले, दुसरे पुण्यावाले.

(हॉटेल म्हणजे इथं पत्र्याचं शेड, दोन बाकडी, उकळत्या तेलाची कढई आणि सहा माणसांनी वाटून घेतलेला 'प्रजावाणी'चा एक अंक. राहायची सोय असते त्याला आम्ही लॉज म्हणतो.)

ब्रंचराव हिंजवडीला कामाला असतो. काम काय ते त्याच्या आईला सांगता येत नाही, वडिलांना सांगायचं नसतं आणि आम्हाला त्यात रस नसतो. त्याची खरी विद्या वेगळी. पुण्यात रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात कुठं बसून काय खावं, हे त्याला तोंडपाठ आहे. मूळ पुणेकराला ते ठाऊक नसतं, कारण तो घरी पोहे खातो. बाहेरगावच्या पोरानंच शहराचा खरा अभ्यास करावा, हा जुना नियम आहे. मुंबईची लोकलसुद्धा दादरच्या माणसापेक्षा डोंबिवलीला नवीन राहायला आलेल्यालाच जास्त पाठ असते.

ब्रंच म्हणजे काय, हे त्यानं आम्हाला याच हॉटेलात समजावलं. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजानं 'हंटर्स वीकली'त एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की रविवारी चर्चमधून आल्यावर जड जेवण ठोसण्यापेक्षा दुपारच्या जरा आधी चहा-कॉफीनं सुरुवात करून हलकं काही खावं. त्यानं शनिवारी रात्री जागलेल्यांना सकाळी लवकर उठायची सक्ती राहत नाही आणि माणसं मोकळी होऊन बोलायला लागतात.

"जागलेल्यांना म्हंजे पिलेल्यांना," कढईपाशी उभ्या हॉटेलवाल्यानं नेमका अर्थ काढला.

"तसं नाही मामा, ते कल्चर आहे."

"आमच्याकडं सालगड्याची भाकर रोज अकराला शेतात जाऊलाली. ना चहा ना न्याहारी, दोन्हीच्या मधलं. त्याचं कोण लिहिलं होतं का?"

ब्रंचरावाकडं उत्तर नव्हतं. पण त्यानं मोबाइल काढला आणि दोन पावांवर हिरवा लेप लावलेला एक फोटो फिरवला. बाकड्यावरून हातोहात फिरत तो मोबाइल परत येईपर्यंत चौघांनी त्याला पाण्यात भिजवलेली मेंदी ठरवलं होतं.

त्याचं पुणं आपल्या पुण्यासारखं नसतं. त्यात शनिवारवाडा लागत नाही, सारसबाग लागत नाही. डेक्कनला १९३५ पासूनचं कॅफे गुडलक लागतं, ज्याच्या नावानं अख्खा चौक ओळखला जातो. तिथं बनमस्का आणि खिमा-पाव. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली. तिथं एसपीडीपी, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी. एवढी साधी गोष्ट चार इंग्रजी अक्षरांत का बांधली ते पुण्यालाच माहीत, पण ती अक्षरं उच्चारताना ब्रंचरावाच्या चेहऱ्यावर आयएएस झाल्याचं तेज येतं. कोरेगाव पार्कात जर्मन बेकरी. बाणेरला पगदंडी, जिथं पुस्तकं आणि चहा एकत्र मिळतात. मुंबईला एकदाच गेला होता, तर मरीन लाइन्सजवळच्या १९०४ च्या कयानीत बसून आला. समुद्र बघायचा राहिला.

या विद्येचा उपयोग तो लोककल्याणासाठी करतो. आमच्या गल्लीतल्या एकाला मुतखड्यासाठी पुण्याला न्यावं लागलं. नातेवाइकांनी ब्रंचरावाला फोन केला की बाबा, जहांगीर हॉस्पिटल स्टेशनपासून किती लांब? त्यानं अंतर सांगितलं, रिक्षाचे पैसे सांगितले आणि म्हणाला, "तिथं जवळच वोहुमन आहे. चीज ऑम्लेट सोडू नका." संध्याकाळी परत फोन. आम्हाला वाटलं, पेशंटची विचारपूस करतोय. "खाल्लं का ऑम्लेट?" पेशंटच्या मेहुण्यानं खाल्लं होतं. आज मुतखड्याचं कुणालाच आठवत नाही. मेहुणा मात्र ऑम्लेटवर एवढं चीज कसं मावतं ते अजून हातानं करून दाखवतो.

त्याचं एक गुपित मला उशिरा कळलं. रविवारी ब्रंचला निघायच्या आधी तो फ्लॅटवर मेसचा डबा उघडून दोन पोळ्या आणि वरण खाऊन घेतो. "रिकाम्या पोटी कॅफेत जाणाऱ्याचं दिवाळं निघतं, मामा." इंग्रजानं न्याहारी आणि जेवण मिळून एक केलं. आमच्या पोरानं न्याहारी, ब्रंच आणि जेवण असे तीन केले. मधला फक्त फोटोसाठी.

पदार्थांची नावं तो आमच्यासाठी मराठीत उलगडतो आणि उलगडल्यावर त्याचा स्वतःचाच हिरमोड होतो. शकशुका म्हणजे टमाट्याच्या रश्श्यात शिजवलेली अंडी. "म्हंजे अंडाकरीच, फक्त अंडी उकडायची राहिली." सावरडो म्हणजे पीठ आंबवून केलेला पाव. "जिलबीचंबी आंबवत्यात." हॉलंडेज म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकात लोणी फेटून केलेली आंबटसर पातळ चटणी. "बलकाची कढी म्हण ना." कोल्ड ब्रू म्हणजे कॉफी रात्रभर थंड पाण्यात भिजत घालतात. "गुरांची पेंडबी अशीच भिजवत्यात," असं कुणीतरी म्हणालं आणि त्या दिवशीचं व्याख्यान तिथं संपलं.

पण एक माणूस ते सगळं मन लावून ऐकायचा. आबा. ऐंशीच्या पुढचे, धोतर, डोक्याला पटका, कोपऱ्यातल्या बाकड्याचे कायमचे मालक. एकदा त्यांनी विचारलं, "तो गुडलकवाला कोण म्हणलास?"

"इराणी, आबा."

"मग आपलाच की तो."

हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. तेव्हा आबांनी सांगितलं. हा समोरचा रस्ता देगलूरवरून सरळ हैदराबादला जातो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, आणि राज्य गेलं तरी रस्ता काही वळला नाही. दवाखाना असो, जनावरांची औषधं असोत, लग्नाच्या बांगड्या असोत, आबांच्या तरुणपणी शहर म्हटलं की हैदराबाद. आणि हैदराबादला गेलं की चारमिनाराच्या बाजूला इराणी हॉटेलात बसायचं. संगमरवरी टेबल, घट्ट दुधाचा चहा. त्यातही दूध चढवून हवा असेल तर 'पौना' म्हणायचं. सोबत उस्मानिया बिस्किट. "आपल्या निजामाच्या नावाचं! मीर उस्मान अली खान! अर्धं बुडवायचं, जास्त बुडवलं की पडते. गावाकडचा माणूस त्यावरूनच ओळखू येतो."

एवढं बोलून आबांनी बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांकडं अशा नजरेनं पाहिलं, की मला ब्रंचरावाचे पांढरे बूट आठवले. तीच नजर. गावाला काय कळतंय, ही. आबांचे समवयस्क आज फारसे उरले नाहीत, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं की साठ वर्षांपूर्वी हा माणूस हैदराबादहून आला की आठ दिवस 'पौना, पौना' करून कसा वैताग आणायचा. ब्रंचराव पुण्यानं तयार केलाय असं आम्ही समजत होतो. तो नायगावचाच वाण निघाला. फक्त एसटी देगलूरकडं जायच्या ऐवजी ट्रॅव्हल्स नांदेडकडं जायला लागली.

आता मुख्य प्रसंग. २०२४ च्या सोयाबीनची रास झाल्यावर आमच्या गल्लीतल्या ब्रंचरावानं वडिलांना गुडघा दाखवायला पुण्याला बोलावलं. सोबतीला मी. गुडघा शनिवारी झाला. रविवारी पोरगा म्हणाला, "बापू, आज तुम्हाला ब्रंचला नेतो." बापूंनी स्वच्छ धुतलेला नेहरू शर्ट घातला, टोपी घातली. कोरेगाव पार्कातला एक कॅफे. दारात पोरापोरींची गर्दी, एक मुलगी वहीत नावं लिहून घेत होती. चाळीस मिनिटं लागतील म्हणाली.

बापूंनी आत नजर टाकली. आमच्याकडच्या लग्नातली पंगत तुम्ही पाहिली असेल तर पुढचं सांगायला नको. जागा धरायची झाली की जेवणाऱ्याच्या पाठीमागं जाऊन उभं राहायचं, बोलायचं काही नाही, त्याच्या ताटाकडं नुसतं बघायचं. बापू गुडघा सांभाळत आत गेले आणि एका जोडप्याच्या पाठीशी उभे राहिले. जोडपं इंग्रजीत बोलत होतं, ते आधी मराठीत आलं आणि मग गप्प झालं. तीन मिनिटांत टेबल रिकामं. पोरगा लाजेनं अर्धा झाला. बापू बसले आणि म्हणाले, "वहीत लिहून काय होतंय? पाठीमागं उभं राहिलं पाहिजे."

मग खाणं आलं, ते लाकडी फळीवर.

"पोळपाट हाय हा," बापू म्हणाले. "ताटं संपली का?"

"तसंच देतात, बापू."

अॅव्होकॅडो टोस्ट बापूंनी चावला, थांबले, पुन्हा चावला. बराच वेळ चव शोधली. "मीठ राहिलंय," एवढंच म्हणाले. शकशुका मात्र त्यांना मनापासून आवडला. पावाचा आणखी एक तुकडा मागवला, मग आणखी एक. पावाचे वेगळे पैसे पडतात हे पोरानं हळूच सांगितलं, तेव्हा त्यांनी रस्सा चमच्यानं संपवला.

बिल आलं २१५० रुपये. पोरगा पटकन मोबाइलनं भरायला गेला, पण बापूंनी आकडा पाहिला होता. त्यांचे ओठ हलायला लागले. शेतकरी माणूस रुपयांत हिशेब करत नाही. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२. "चव्वेचाळीस किलो," बापू म्हणाले. थोडं थांबून, "हमीभावानं. मोंढ्यात अर्धं क्विंटल धर." मग रिकाम्या फळीकडं बोट दाखवून, "ह्या हिरव्या पावात नऊ किलो गेले." परतीच्या रिक्षात कुणी बोललं नाही. ट्रॅव्हल्समध्ये बसताना पोरगा माझ्या कानात म्हणाला, "मामा, तिकडं हे सांगू नका हां. म्हातारं गावभर करील."

म्हाताऱ्यानं गावभर केलंच. पण आम्हाला वाटलं होतं तसं नाही.

आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलात पोचलो, तर बापू आबांच्या शेजारी बसलेले. आबांनी स्वतः सरकून कोपऱ्यातली जागा दिली होती, यावरूनच मी ओळखायला हवं होतं. भोवती सात-आठ जण. बापू सांगत होते, "रविवारी जायचं असंल तर नऊच्या आत जा. नंतर नंबर लागतो. आन् पाव साधा मागू नका. सावरडो म्हणायचं. सा-वर-डो. पीठ दोन दिवस आंबवत्यात."

"चवीला कसं असते?"

"हलकं. पोट जड होत नाही. आपण काय खातोत, नुसतं तेल!" त्यांनी हॉटेलवाल्याच्या कढईकडं पाहिलं. गेली चाळीस वर्षं ते याच कढईतले भजे खात होते. "आन् ताटात देत नाहीत. लाकडाच्या पोळपाटावर देत्यात. त्यात त्याची मजा हाय."

चव्वेचाळीस किलोंचा उल्लेखही नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

हॉटेलवाला झाऱ्यानं भजे उलटत होता. सगळं शांतपणे ऐकून तो म्हणाला, "पोळपाटावर देत्यात म्हंजे पैसे लाटतच असतील की."

शेड हसून हसून हललं. आबासुद्धा हसले, मग त्यांना ठसका लागला. बापू हसले नाहीत. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "तुला नाही कळायचं ते. अन् उद्यापासून माझ्या चहात साखर कमी टाकत जा."