मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर मोजायची सोपी कृती

साहित्य: पृथ्वीचा गोल (मुलाच्या दहावीनंतर माळ्यावर गेलेला चालेल), दोरा, फूटपट्टी आणि अमेरिकेला निघालेला निदान एक नातेवाईक. नातेवाईक नसेल तर प्रयोग रद्द समजावा. एरवी या अंतराची चौकशी कोण करतो?

सर्वप्रथम भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवून कपाटामागे ठेवा. नवशिके हमखास तिथेच पट्टी लावतात. मुंबईवरून निघालेली रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी सरळ न्यूयॉर्कला टेकते आणि फार बरं वाटतं. नकाशा काढायची ही पद्धत मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली खलाशांच्या सोयीसाठी काढली. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकायचं असेल तर उत्तम. मात्र त्या रेघेने गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील.

आता गोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला न जाता भलतीकडेच, उत्तरेला पळेल. घाबरू नका, गोल बिघडलेला नाही. दोरा कच्छवरून सिंधमध्ये शिरतो, कंदाहारजवळून कझाकस्तानात, मग सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटून कॅनडात उतरतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. एका सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर धरा: साधारण १२,५४०. नकाशावरच्या रेघेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर कमी, म्हणजे मुंबईहून कोलकात्याला जाण्याइतकं अंतर नुसता दोरा ताणून वाचलं. विमान अकरा किलोमीटर उंचावरून जातं, त्याचं काय, असं एखादा हुशार भाचा विचारेल. त्या उंचीने जेमतेम बावीस किलोमीटर वाढतात. त्याला खाऊ देऊन बाहेर पाठवा.

इथवर भूमिती झाली. पुढे राजकारण, आणि तिथे दोरा कुचकामी. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. रशियाने २०२२ पासून अमेरिकी विमानांना केलेलं आहे. म्हणजे वैमानिकाचा पासपोर्ट नव्हे, विमान कुठल्या देशाचं यावर वळसा ठरतो. त्यात वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना विमानाला त्यांच्याशी झुंजावं लागतं आणि परतीचा प्रवास बराच लवकर आटपतो. गावाहून परतताना एसटीला नेहमी जास्त वेळ लागतो, इथे उलट.

घड्याळावरून अंतर काढायला मात्र जाऊ नये. रात्री एकला निघालेलं विमान सकाळी सातला उतरतं, म्हणजे प्रवास सहा तासांचा, असं ठामपणे सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. काकांना हे एकदाच सांगावं. दुसऱ्यांदा सांगून उपयोग होत नाही.

शेजारच्या वहिनींनी “किती लांब हो?” असं विचारलं तर किलोमीटर सांगू नका, त्यांना तासच हवे असतात. पंधरा-सोळा तास म्हणा. आणि १२,५४० ला एका किलोमीटरच्या भावाने गुणून तिकिटाचा अंदाज बांधू नका. तिकीट सुट्ट्या बघून ठरतं.